पन्नास पावलं खाली

४ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू शिखर सर केलंस त्याला जूनमध्ये पन्नास वर्षं होतात. गिर्यारोहण मंडळाने मला चिटणीस करून चढाईचा इतिहास लिहायचं काम गळ्यात मारलंय. सात मोहिमा फसल्या, आठवीत तू माथ्यावर उभी राहिलीस, इथवर आलोय. वर काय वाटलं ते चार ओळींत कळव. अध्यक्षांना काहीतरी उदात्त हवंय. गुडघे कसे आहेत?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा भाचा

११ मे

चि. चिटणीस यांस,
अ. उ. आ.

काय वाटणार, कपाळ! मी वर गेलेच नाही. पन्नास पावलं खाली धीर सुटला आणि बर्फात बसून रडत राहिले. मोहिमेचे तंबू शिवायला आणलेली तंबूवाली माझ्या दोराला होती. मला बसायला सांगून ती एकटी गेली आणि निशाण रोवून आली. तेव्हाच्या अध्यक्षांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, ती सभासद नाही, म्हणजे नियमाप्रमाणे ती वर गेलेलीच नाही. मी तेवीस वर्षांची, गप्प बसले. तिचं नाव घाल.

तुझी आत्या

२० मे

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र सभेत वाचलं. असा विनय उभ्या जन्मात पाहिला नाही म्हणत अध्यक्षांनी डोळे पुसले. ते पुस्तकात ‘शिखराहून उंच मन’ म्हणून छापलंय, तंबूवाली जागेअभावी गाळून. मी मान डोलावली. आता लाज वाटते.

तुझा भाचा

२७ मे

चि. भाच्यास, अ. उ. आ.

लाज वाटते ना, मग आशा आहे. समारंभाला मी येत नाही. माझ्या जागी तिला पाठवतेय.

आत्या

१६ जून

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तंबूवालीला शेवटच्या रांगेत बसवलं होतं. मी माईक हिसकावून तुझं अख्खं पत्र वाचलं. लोकांनी तुझ्या विनयाला पुन्हा टाळ्या वाजवल्या! मग तिलाच वर बोलावलं. वर काय दिसलं, असं कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, बघायला वेळ कुठे होता, खाली बाई रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी माझं चिटणीसपद गेलं. पण पुस्तकं माझ्याच घरी होती. तीनशे प्रतींत तिचं नाव हाताने लिहिलं. शेजारी बसून ती प्रत्येक पान फुंकून वाळवत होती. शंभराव्या प्रतीनंतर म्हणाली, अक्षर जरा नीट काढा.

आहे तशी माया असू दे.
तुझा (माजी चिटणीस) भाचा