लाल रंगाखालची चीर

तीर्थरूप मामंजी,

पुढे साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. आज माझ्याच्यानं लिहवत नाही. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. इतके दिवस तुमच्याविषयी मी वावगा शब्द काढला नाही. पण काल शिवप्पा लोहार आपलं मळणीचं यंत्र मोडीत काढायला आला, आणि त्यानं जे सांगितलं त्यानंतर गप्प राहवत नाही. तुम्हाला विचारायला दुसरी वाट उरली नाही, म्हणून लिहिते.

आठवतं का, हे यंत्र घेतलं तेव्हा दोन जुनी यंत्रं विकायला होती? एक दुधनीच्या अडत्याकडचं, लहान, हातानं फिरवायचं. गंजलेलं, पण एकसारखं फिरणारं. आपल्या वीस एकर ज्वारीला तेवढं पुरे, असं हे म्हणत होते. तुम्हाला मात्र होटगीजवळच्या त्या बागाइतदाराचंच हवं होतं. तेलाचं इंजिन, लालभडक रंग, आणि पंचक्रोशीत कुणाकडे नाही असं.

मला सोलापूरला माहेरी सोडायचं होतं, म्हणून होटगीला मीही गाडीत होते. माझे वडील गिरणीत फिटर. जुन्या यंत्राचा रंग बघू नये, हातानं सावकाश फिरवून कान द्यावा, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. तुम्ही मालकाशी बोलत होता तेव्हा मी ह्यांना ते फिरवायला सांगितलं. दर फेऱ्याला एकदा ठक वाजायचं. झाकण उचलून आतल्या ढोलाच्या कडेच्या चकतीला नख लावलं, तर नख रंगातून आत गेलं. चिरेत मेण भरून वरून रंग दिला होता.

मी तुम्हाला बाजूला बोलावून, हळू आवाजात सांगितलं. आणि तुम्ही? परत जाऊन चार माणसांत म्हणालात, “आमची सून गिरणीवाल्याची हाय. लोखंड दिसलं की तिला माहेर आठवतंय.” सगळे हसले. हे खाली बघत राहिले. मीही पुन्हा बोलले नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

पहिली सुगी बरी गेली. तुम्ही पटका बांधून खळ्यावर बसायचात, आणि मी दिसले की लोकांदेखत विचारायचात, “काय गं, कुटं गेली तुजी चीर?”

दुसऱ्या सुगीच्या तिसऱ्या दिवशी चकती फुटली. हे कणसं आत सारत होते. उजवा हात मनगटापासून गेला. मी भाकरी घेऊन बांधावर पोचले होते. इंजिन बंद करायचं कुणाला सुचेना. ते मी बंद केलं.

दवाखान्यात तीन दिवस तुम्ही अन्नाला शिवला नाहीत, हे मी विसरलेले नाही. तेव्हा मला तुमची कीव आली होती. पण भेटायला येईल त्याला तुम्ही एकच सांगत होतात, की पोराचं ध्यान नव्हतं, कणसं वेडीवाकडी कोंबली म्हणून यंत्र मोडलं. डॉक्टरांना तेच, पाटलांना तेच. हे खाटेवर पडून ऐकायचे. ऐकून ऐकून त्यांनाही ते खरं वाटू लागलं. घरी आल्यावर त्यांनी तुमच्या पायांवर डोकं ठेवून माफी मागितली, मामंजी. आणि तुम्ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवलात!

काल शिवप्पानं ढोल बाहेर काढला. फुटलेल्या चकतीवर, चिरेला आडवी, रिव्हेट मारलेली लोखंडी पट्टी होती. ही कुणी लावली, म्हणून मी विचारलं.

“म्याच की,” तो म्हणाला. “पयल्या सुगीनंतर. धाकलं मालक दुधनीला गेलं हुतं तवा. नवी चकती घाला, ही टिकायची न्हाय, आसं म्या म्हणलं. तर थोरलं मालक म्हणलं, मार पट्टी. अन् सूनबाईला कळता कामा न्हाय.”

सूनबाईला! लेकाला कळू नये असंसुद्धा तुम्ही म्हणाला नाहीत. मला कळू नये. माझं खरं ठरेल एवढ्या भीतीनं तुम्ही पोटच्या मुलाला त्या फुटक्या ढोलापुढे उभं केलंत? घरात गुपचूप येऊन त्याला एक शब्द सांगता आला नाही? मी हसले नसते हो. कुणालाच सांगितलं नसतं.

हे गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. हळूच म्हणाले, “म्हंजी माज्या हातनं चुकलं नव्हतं,” आणि उंबऱ्यावरच बसले. तीन वर्षं ते दुसऱ्याच्या खळ्यावर गेले नाहीत. आज सकाळी उठून गेले.

तुमचं वर्षश्राद्ध मी रीतीनं करीन. पानात काही कमी पडू देणार नाही. पण जेवणं झाली की भाऊबंद उठायच्या आत मी त्यांच्यासमोर उभी राहीन आणि चूक कुणाची होती ते सांगेन. हे म्हणतात, गेलेल्या माणसाची अब्रू काढू नये. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यांचा शब्द मी कधी मोडला नाही. हा मोडणार आहे.

तुमची सून,
गोदावरी