उशिरा आलेला चेंडू

बाबांना चिझुरूचा वाकून नमस्कार.

इथे पहाटे गारवा जाणवतो. तिकडे जाड पांघरूण काढलं का?

काल तुमचा पिवळा टॉवेल गळ्यात घालून कुरामोतोच्या निरोपाच्या बेसबॉल सामन्याला गेले. समोरच्या पोराने रीतीप्रमाणे दोनदा हवेतच बॅट फिरवली. जाणाऱ्या पिचरसाठी मुद्दाम तीनदा चुकून बाद व्हायचं, तेवढं करतातच. तिसऱ्यांदा तो रडत होता. चुकावा म्हणून त्याने बॅट मुद्दाम उशिरा फिरवली, पण आपल्या कुरामोतोचा चेंडू त्याहून उशिरा आला आणि नेमका बॅटला लागला.

शेजारचे आजोबा पुटपुटले, "गाढवा, चुकायचंसुद्धा जमेना तुला?" आणि टोपीत तोंड खुपसून रडायला लागले. मग "जाऊ नकोस, जाऊ नकोस" म्हणत आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो. तो वाकला आणि गेला.

आई फोनवर सांगते, तुम्ही दोन वाट्या भात खाता. तिच्यामागे तुमचा खोकला ऐकू येतो. तिला म्हणावं, माझ्यासाठी हवेत बॅट फिरवू नकोस.

शनिवारी येतेय. तोवर जाऊ नका, बाबा.

तुमचीच,
चिझुरू