युजर बँक, नंबर एक : दादांची पेटी

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठे साउंड डिझायनर ठेवतात म्हणे. वर्कस्टेशन कीबोर्ड काल घरी आला. आत हजाराच्या वर आवाज आहेत, पण ते कंपनीचे; आपल्या आवाजांसाठी युजर बँक नावाचा रिकामा कप्पा आहे. कंपनीचे आवाज रेडिमेड शर्टासारखे, कुणाच्याही अंगाला होणारे. आपण आवाज स्वतः शिवणार. संकल्प एकच : दादांच्या पेटीचा आवाज यात बनवायचा, आणि चौदा एप्रिलला विहारात मायनं त्यावर पाळणा म्हणायचा.

दादा म्हणजे माझे वडील, जळबा गायनपार्टीवाले. बाबासाहेबांचा पाळणा त्यांनी स्वतः बांधलेला. जयंतीच्या सकाळी वंदना झाली की दादा पेटीवर बसायचे आणि माय म्हणायची. दादा गेल्यापासून मायनं गायला तोंड उघडलं न्हाई. मागच्या साली बायांनी लई आग्रह केला, तर म्हणाली, पेटीच बोलत न्हाई तर पाळणा कशाचा.

पेटी यंदा बोलणार. हा रत्नपाल करून दाखवणार.

५ फेब्रुवारी
व्हिडिओतला सर म्हणतो, शून्यापासून सुरू करा. रिकामा पॅच, म्हणजे कोरा आवाज, आणि मूळ सूर काढणारा एकच ऑसिलेटर. केलं. आवाज निघाला. शीतल स्वयंपाकघरातून म्हणाली, मिक्सर बंद करा, भांड्यात काही न्हाई. बायकोला बेसिक वेव्हफॉर्म कळत न्हाई, त्यात तिचा दोष न्हाई.

११ फेब्रुवारी
अटॅक म्हणजे आवाज किती हळू उगवतो ते. पेटी हळू उगवते, म्हणून अटॅक वाढवला. जरा जास्त झाला. पट्टी दाबली, चहा पिऊन झाला, तरी आवाज आपला येऊन राहिला. दादांच्या पार्टीतला ढोलकीवाला रविंद्र बसला होता. म्हणाला, आत कंपनीची पेटी असंल की, तीच लाव. ढोलकीवाल्याशी फिल्टरवर काय बोलणार.

१९ फेब्रुवारी, सकाळी
आज जमलं होतं. अगदी जवळ गेलो होतो. सेव्ह करणार तेवढ्यात लाईट गेली. वारंगा फाट्याला लाईट जाते हे मला माहीत नव्हतं असं न्हाई. फाट्यावर माझंच मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. पण कलाकाराचं लक्ष वर असतं.

२ मार्च
नवा मार्ग : सॅम्पलिंग. खऱ्या पेटीचा एकेक सूर माइकवर घेऊन मशीनमध्ये भरायचा. माळ्यावरून पेटी काढली. एक काळी पट्टी उतरलेली निघाली. मोबाईलच्या ट्यूनर ॲपवर लाल; सुरात असलं की हिरवं येतं. माय म्हणाली, ती तशीच हाय, तुझ्या जन्माच्या आधीपासून. दादा तिला हात लावू द्यायचे न्हाईत. म्हणायचे, तिथं पाळण्यातलं लेकरू कूस बदलतं. पेटी उतरायची म्हणून मायपण त्या जागी उतरायची, सगळी पार्टी उतरायची.

म्हणजे इतकी वर्षं सगळे मिळून बेसूर! मशीनमध्ये कचरा भरायचा न्हाई. पेटी नांदेडला कारागिराकडं नेतो.

९ मार्च
पेटी आली. सगळ्या पट्ट्या हिरव्या. मायनं एकच पट्टी दाबली, तीच काळी. परत दाबली. मग पेटीवर कापड टाकलं आणि म्हणाली, हिला काहून बरी केली? वयामुळं होतं असं.

१६ मार्च
सॅम्पल भरले. आवाज खणखणीत. मायला ऐकवला. म्हणाली, चांगला हाय, कुणाची पेटी? मी म्हणालो, दादांची. ती म्हणाली, न्हाई. माइक हलका निघाला.

२४ मार्च
मान्य, ती पट्टी उतरवावी लागणार. मशीनमध्ये सोय आहे, पाहिजे ती पट्टी पाहिजे तितकी खाली नेता येते. पण किती? रविंद्र म्हणतो, थोडी. कारागिराला फोन केला. तो म्हणाला, सूर घासून चढवला, आधी किती होता ते मोजलं कुणी. दादांचं एकही रेकॉर्डिंग न्हाई. चांगला माइक घेतला की करू, असं मीच त्यांना म्हणत राहिलो.

अंदाजानं उतरवून मायला ऐकवलं. फार खाली. मग फार वर. मग म्हणाली, राहू दे बाळा. निर्णय : पट्टी सरळच ठेवायची. आजच्या श्रोत्याला शुद्ध सूर लागतो.

१ एप्रिल
मोठी बातमी. माय पाळणा म्हणणार! शीतलनं तिला समजावलं म्हणे, की पोरगं मशीनशी झटून राहिलंय, त्याचं मन मोडू नका. शीतलचा तसा समज असू दे. खरं कारण आवाजाची क्वालिटी. उद्यापासून रोज सकाळी सराव.

३ एप्रिल
मायचा गळा अजून तयार आहे. ऐकून अंगावर काटा आला. फक्त एका जागी ती उतरते. नेमकी तिथंच, दरवेळी. मशीन थांबवून तिला ॲप दाखवलं. लाल. परत परत घेतलं. माय म्हणाली, तुझं बराबर असंल, मला काय कळतंय.

८ एप्रिल
प्रगती आहे. लाल कमी झालं. ती जागा जवळ आली की माय माझ्या तोंडाकडं बघते, चुकलं का म्हणून. शीतल म्हणाली, म्हणू द्या की त्यांना त्यांच्या मनासारखं. मी म्हणालो, शिस्त लागते.

१४ एप्रिल, दुपारी
पाळणा झाला. माय कुठंच उतरली न्हाई. बायांनी टाळ्या वाजवल्या. दादांच्या वेळी टाळ्या पडायच्या न्हाईत, बाया पदरानं डोळे पुसायच्या. रविंद्र ढोलकी बांधता बांधता म्हणाला, छान झालं, लेकरू कूस बदलायचं राहिलं तेवढं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
रविंद्रचं बोलणं डोक्यातून जाईना. सरावाच्या सुरुवातीला ॲपचा काटा दरवेळी एकाच आकड्यावर थांबत होता. तोच आकडा तर मला पाहिजे होता. दादांची पट्टी मायच्या गळ्यात होती, जशीच्या तशी. मी आकडा वाचलाच न्हाई, फक्त लाल बघितलं.

मायकडं गेलो. म्हणालो, माय, एकदा पहिल्यासारखं म्हण. तिनं म्हटलं. हिरवं. परत म्हटलं. हिरवं. डोळे मिटून म्हटलं, पाळण्याची दोरी ओढल्यासारखा हात हलवत म्हटलं. मग थांबली आणि म्हणाली, न्हाई उतरत रे आता, तूच तर नीट केलंस.

रागानं म्हणाली न्हाई. मलाच रडू आलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि शीतलला चहा ठेवायला सांगितलं.

मशीन तेवढं विचारून राहिलं, आवाज युजर बँकेत सेव्ह करायचा का. मी भिंतीतली पिन काढली.