हरकत असल्यास गुरुवारी तीनपर्यंत

३ मार्च, सोमवार

सगळ्या देशांच्या संयुक्त निवेदनाचा मसुदा पुन्हा फिरून आला. आता त्या शाळेवर 'बॉम्ब पडले' — जणू गाराच! टाकले कुणी, ते वाक्यातून गेलं. मेलेली एकोणीस मुलं तेवढी वाक्यात राहिली.

गुरुवारी दुपारी तीनपर्यंत एकाही देशाने हरकत लिहून पाठवली नाही, तर निवेदन मंजूर. इथली रीतच ही. बसल्या जागी संमती! आमच्या बेटाच्या न्यूयॉर्क कचेरीत बारा वर्षं हेच करतोय, तरी आज ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

४ मार्च

राजदूत चार्लरीबाईंनी बोलावलं. "राजधानीचा निरोप आलाय, युस्टेस. गप्प बसायचं."

"बाई, बॉम्ब आपल्या मित्रदेशाने टाकले, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग आपण कशाला सांगायचं? आपल्याकडे डायलिसिस कोण करतं? त्यांनी पाठवलेले डॉक्टरच ना? उद्या परत बोलावले, तर बहिणीला कुठे नेशील?"

मर्ल आठवड्यातून तीनदा त्या यंत्राला जोडलेली असते. मी मसुदा उचलून बाहेर आलो. बाई वाईट नाहीत. त्याही दमल्यात.

५ मार्च

कॉफीच्या रांगेत मागे इद्रिससाहेब. ती शाळा त्यांच्या देशातली. आवाज चढला नाही, विनवणीही नाही. "मोठे देश लिहिणार नाहीत. तुम्ही लिहा. एकच ओळ."

"छोट्यांना जड जातं, साहेब."

"आम्ही कुठे मोठे आहोत?" म्हणाले, आणि साखरेची पुडी माझ्यापुढे सरकवली.

लाज वाटली. सरळच लिहितो — लाज वाटली.

६ मार्च, गुरुवार

हरकत सकाळीच लिहून ठेवली होती. दोन ओळी. बाई जेवायला गेलेल्या, खोलीत मी एकटा. नोकरी गेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण मर्ल!

तीन वाजले. कुणीच हरकत पाठवली नव्हती; मीही नाही. दोन मिनिटांत मंजुरीचा निरोप आला, खाली सगळ्या देशांचे आभार. सहकार्याबद्दल!

७ मार्च

काही नाही. नुसतं पडून राहावंसं वाटतंय.

८ मार्च

मर्लचा फोन. "अरे, काल यंत्र लावताना डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं, त्या शाळेवरून आमच्या देशाला कुणी काही बोललं का हो? अगदी रडवेल्या झाल्या होत्या बिचाऱ्या. मी म्हटलं, माझा भाऊ आहे तिथे. तो बोलला असणारच."