काकांसाठी बांधलेला वाटा

उमरोळी,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. एकनाथकाकांना प्रदीपचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. थंडी पडली तसं जमुनाचं गुडघ्याचं दुखणं पुन्हा वर आलं. भात झोडून झालं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं आमच्या कंपनीतल्या निमेशकडून कळलं. अक्षर अजून लागत नसेल, तेव्हा हे पत्र तुमच्या सूनबाई हेमांगीवहिनीच वाचून दाखवतील. वहिनींनाही नमस्कार.

गेल्या गुरुवारी पहाटे उठून मी पानमोडी केली. तीन वर्षांनी. जुनी पिवळी काकडी किसली, तांदळाची कणी भाजून घेतली, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. टोपाला आतून केळीचं पान लावलं, पीठ ओतलं, वर पुन्हा पान. चुलीवर ठेवून झाकणावर निखारे टाकले. जमुना दारात उभी होती. थोड्या वेळाने तीच घमेल्यात निखारे घेऊन आली.

तुम्हाला ठाऊक असेल, आमच्या पाळीत गुरुवारी एकाने सगळ्यांचा नाश्ता आणायचा अशी रीत आहे. शुक्रवारी कंपनी बंद, म्हणून गुरुवार. कोणी शिरा आणतो, कोणी बटाटेवडे. माझा नंबर आला की सगळे आधीपासून मोडी मागायचे. रात्रपाळी संपवून निघणारा सुजीत तर आठवडाभर आधी. "दादा, करपलेली कड माझी. आणि बापासाठी एक वाटा वेगळा बांधायचा, विसरलात तर बघा."

ही तीन वर्षं माझा नंबर आला की मी पाव-बटर नेतो. सुरुवातीला पोरं चिडवायची, "काय दादा, वहिनीने चूल बंद केली का?" मग त्यांनी सोडून दिलं.

एक खोड मात्र जात नाही. कोणी फोनवर "गेटवर आलोच" म्हणालं की मी हातातलं काम ठेवून गेटपर्यंत बघायला जातो. तो माणूस खरंच आला का ते. बहुतेक वेळा आलेला नसतो. पोरं हसतात. "दादाला वॉचमन करा रे." आमच्यातला एक बिहारी आहे, तो म्हणतो, "चाचा, जिसको आना है वो आ जाएगा।" मी हसून परत फिरतो. परत येताना केमिकलच्या रिअ‍ॅक्टरकडे बघत नाही. सकाळी सहा वाजले की तिथे कोणीतरी दाराकडे तोंड करून उभा असतो. मी बघितलं नाही तरी असतो.

सुजीतच्या दहाव्याला तुम्ही माझा हात धरून विचारलं होतं, "परदीप, डूटी सहाला सुटते ना? मंग सहा वाजून वीस मिनटांला माजा पोर तिथं काय करीत होता?" मी म्हणालो, "मला ठाऊक नाय काका." पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाला तुम्ही तेच विचारलं आणि मी तेच म्हणालो. त्यानंतर मी तुमच्याकडे दातिवऱ्याला आलो नाही. कामामुळे नाही आलो असं निमेशजवळ सांगत राहिलो.

चौकशीच्या कागदात लिहिलं गेलं की पाळी संपल्यावर तो विनाकारण रिअ‍ॅक्टरपाशी होता. लोकांनी पुढचं स्वतः जोडलं. झोप लागली असेल, घेतली असेल. बाजारात बायका वहिनींच्या तोंडावर बोलल्या, हेही मला कळलं होतं.

वहिनी, इथून पुढे सावकाश वाचा.

आमच्याकडे नियम आहे, पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. सुजीतच्या जागेवर पुढचा माणूस मी होतो. त्या गुरुवारी लाकडं ओली निघाली. मोडी मधे कच्ची राहिली. जमुना म्हणाली, "राहू द्या, बिस्किटं न्या, उशीर होतोय." पण मला सगळ्यांपुढे कच्ची मोडी न्यायची नव्हती. माझ्या हातची मोडी म्हणून नाव होतं ना. मी अंगणात बसून फुंकत राहिलो.

सहाला पाच मिनिटं असताना सुजीतचा फोन आला. "दादा, कुठवर आलात? मला साडेसहाची गाडी धरायचीय, बाप वाट बघतोय." माझ्या हातात फुंकणी होती. मी म्हणालो, "गेटवर आलोच. काकांचा वाटा बांधलाय."

तो म्हणाला, "मग थांबतो."

काका, असं आपण सगळेच म्हणतो. घरात असताना म्हणतो नाक्यावर आहे, नाक्यावर असताना म्हणतो दारात आहे. मी "अर्धा तास लागेल" एवढं म्हणालो असतो तर त्याने साहेबांना सांगून दुसरा माणूस उभा केला असता आणि सहाला बाहेर पडला असता. दुसरा कोणी सापडला असता का, त्याचं काय झालं असतं, यावरही मी खूप विचार केला. पण ते तुमच्यापुढे मांडण्याचा मला हक्क नाही.

मी नाल्याच्या वळणावर होतो तेव्हा रिअ‍ॅक्टर फुटल्याचा आवाज झाला. त्या धावपळीत वॉचमनने वहीत सगळ्यांची वेळ सहा टाकली. माझीही. चौकशीत विचारलं तेव्हा मी म्हणालो, सहाला गेटवर होतो, सुजीत का थांबला ठाऊक नाही. डबा गाडीच्या हँडलला तसाच अडकवलेला होता. दुपारी घरी नेला तेव्हाही मधे कोमट लागत होता.

त्या दिवसापासून मी देवापुढे नैवेद्य ठेवलेला नाही. दिवा लावतो, हात जोडतो, पण ताट जमुना ठेवते.

गेल्या गुरुवारी मोडी नीट भाजली. पहिला तुकडा मी देवापुढे ठेवला. मग वेळेच्या अर्धा तास आधी गेटवर पोचलो. नाश्त्याला सगळे जमले, कोणी म्हणालं, "अरे वा, दादाची चूल पेटली." सगळ्यांचं खाऊन होऊ दिलं. करपलेली कड कोणी उचलली नव्हती. तेव्हा मी सांगितलं. जसं तुम्हाला लिहिलं, तसंच. निमेश हात न धुताच उठून बाहेर गेला. बिहारी पोरगा डब्याकडे बघत राहिला. नंतर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन मी लेखी जबाब दिला, सहीनिशी. सुजीत झोपला नव्हता, प्यायला नव्हता, माझ्या शब्दावर नियमाप्रमाणे थांबला होता, असं त्यात आहे. साहेब म्हणाले, "तुझी नोकरी राहील असं मी सांगू शकत नाही." मी म्हणालो, "बरं." जबाबाची शिक्का मारलेली प्रत सोबत जोडली आहे. वहिनी, ती बाजारात दाखवावीशी वाटली तर दाखवा.

सोमवार, दातिवरे.

एवढं रविवारी लिहून झालं होतं. टपालात टाकणार होतो.

टाकलं नाही. सकाळी पुन्हा चूल पेटवली आणि पहिल्या गाडीने निघालो. तुमच्या घरासमोर बोंबील वाळत घातलेत, त्या बांबूच्या वलांडीच्या अलीकडे दगडावर बसून हे शेवटचं लिहितो आहे. पत्र वहिनींच्या हातात देईन आणि पुन्हा इथेच येऊन बसेन. तुमचा वाटा केळीच्या पानात बांधलेला आहे, करपलेल्या कडेसकट. तो घ्या असं म्हणण्याचं तोंड मला नाही. आत बोलवा असंही म्हणत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता तुमच्याजवळ आहे. तुम्ही बाहेर येऊन जे म्हणाल ते ऐकेपर्यंत मी जागा सोडणार नाही.

काका, या वेळी मी खरोखर आलो आहे.

तुमच्या सुजीतला थांबवून ठेवणारा,
प्रदीप