वाळीत टाकलेल्या घरासाठी एक हंडा पाणी

आये,

रोह्याकडच्या एका गावातून आताच पेणला परतले. तिथे बांधावरून दोन भावक्यांत मारामारी झाली. एका बाजूचे बाप्ये तुरुंगात, उरलेले परागंदा. मागे राहिलेल्या बायकापोरांना गावकीने वाळीत टाकलं. नळावर पाणी भरू देत नाहीत, शाळेत पोरांशी कुणी बोलत नाही.

आपल्या मिठागराच्या गावातही असंच झालं होतं. वाळीत पडलेल्या शेजारणीच्या दोन्ही मुलींना तू मागच्या दाराने आत घेऊन चुलीपाशी जेवू घालायचीस. मी नऊ वर्षांची. पंचांनी विचारलं, "तुज्या घरी कोण येतं गो जेवायला?" आणि मी सांगून टाकलं. संध्याकाळी सगळी गावकी अंगणात. तू भाताचं पातेलं खाली ठेवतेस, पदराला हात पुसतेस. "भांडण बाप्यांचं हाय. पोरींनी काय केलंय? मी वाढणार." मग वर्षभर आपणही वाळीत. मिठागरावर तुझ्या शेजारी कुणी उभं राहीना. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस, फक्त त्या मुलींची ताटं रोज मला वाढायला लावलीस.

आज निघताना कार्यकर्ते म्हणाले, "ताई, आपली आमदारकी याच गावाच्या मतांवर हाय. नका जाऊ." मी गेले. एका बाईचा हंडा उचलला आणि तिला घेऊन नळावर उभी राहिले. गावकीतला एक म्हातारा पुढे आला. "ताई, ह्यो गावचा मामला हाय."

"वाळीत टाकणं गुन्हा हाय, काका. हंडा भरल्याशिवाय मी हलणार नाय."

तो बाजूला झाला. त्या बाईने स्वतःच्या हाताने हंडा भरला. तोवर मी बोलावलेले तहसीलदार आले. उद्यापासून पोरं शाळेत जाताना पोलीस सोबत असतील.

पण एका गावाने भागत नाही. भांडणात मागे राहिलेल्या बायकापोरांचं पाणी, रेशन, शाळा एक दिवसही तुटता कामा नये, असं मी गेल्या अधिवेशनात मागितलं. "तपासून पाहू," एवढंच उत्तर आलं. सोमवारी विधानसभेत पुन्हा उभी राहणार आहे, ठोस उत्तर मिळेपर्यंत.

तू आता या जगात नाहीस, हा कागद तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून खरं लिहिते. नळावर मी ठाम होते, ते सगळ्यांनी पाहिलं. पण गाव मागे पडल्यावर मी ड्रायव्हरला हळूच विचारलं, "किती मतं जातील रे आपली?"