बॅकअप घेतलेला आहे

४ मार्च
ठरलं! घरच्या कम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायचं. मशीन एकच, पण चालू केलं की अदबीने विचारणार, साहेब, आज कोण हवं? ऑफिसातले तोंडात बोटं घालतील. बायकोचा पीएचडीचा प्रबंध त्याच मशीनवर आहे आणि बारा तारखेला द्यायचाय. म्हणून ती म्हणाली, तेवढं होऊ दे, मग काय हवे ते उद्योग कर. म्हटलं, अगं, अर्ध्या तासाचं काम! तिचा भाऊ हॉस्पिटलच्या कम्प्युटर विभागात आहे. रविवारी येतो म्हणाला. नको म्हटलं. उगाच मेहुण्याचे उपकार कशाला?

५ मार्च
प्रबंधाचा बॅकअप घेतला. सी ड्राइव्हवरून उचलून डी ड्राइव्हवर. उघडूनही पाहिला. उद्या कोणी मला बेफिकीर म्हणायला नको.

६ मार्च, सकाळ
रजा टाकली. लिनक्सला डिस्कवर जागा हवी, तर सी काही केल्या आकसेना. मग सरळ लिनक्सचा इन्स्टॉलर लावला. त्यात 'विंडोजच्या शेजारी बसवा' हा पर्यायच गायब! समोर 'डिस्क पुसून बसवा'. शांतपणे विचार केला. पुसली तर सी जाईल. जाऊ दे, विंडोज परत टाकता येतं. प्रबंध डीवर आहेच. दाबलं.

६ मार्च, दुपार
लिनक्स झकास बसलं.
डी दिसत नाही.
बायको डोकावली, झालं का म्हणाली. होत आलंय म्हटलं.

६ मार्च, संध्याकाळ
तिला प्रबंधात दुरुस्त्या करायच्या होत्या. अपडेट चालू आहे, हात लावू नकोस, असं सांगितलं. हे काही अगदीच खोटं नाही.

७ मार्च
आजपासून लायब्ररीतच बसते म्हणाली. बरंच झालं. गेलेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर डाउनलोड करून त्याच डिस्कवर टाकलं. मग मेहुण्याला फोन केला, माझ्या एका मित्राचं असं असं झालंय म्हणून. तो म्हणाला, भाऊजी, सी आणि डी म्हणजे एकाच कपाटाचे दोन कप्पे, तुमच्या मित्राने अख्खं कपाटच रिकामं केलं. आता त्या डिस्कवर नवीन काहीही टाकू नका म्हणावं, टाकलं की उरलंसुरलंही जातं. मित्राला कळवतो म्हटलं.

८ मार्च
सॉफ्टवेअरने फाइलींचा ढीग उपसला. एकीलाही नाव नाही. शोधता शोधता तिसऱ्या प्रकरणाचं अर्धं पान मिळालं, पुढे नुसते चौकोन. पाच वर्षं राबलीय बिचारी. पण अर्धं पान म्हणजे सुरुवात चांगली आहे.

९ मार्च
आज जेवताना सांगायचंच.
जेवताना ती हसत होती. मूड घालवणं बरं दिसलं नसतं. शिवाय अर्ध्याचं दीड पान झालंय. उद्या नक्की.

१० मार्च
पोट बिघडलं. अशा अवस्थेत गंभीर विषय काढू नये.

११ मार्च
सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनेच पिशवीतून छापलेला प्रबंध काढून टेबलावर ठेवला. अख्खा! मी अर्ध्या तासाचं काम म्हणालो, त्याच दिवशी तिने कॉपी काढून भावाकडे दिली होती. नंतर केलेल्या दुरुस्त्या मात्र गेल्या. त्या तिने लायब्ररीत बसून पुन्हा केल्या. सहा तारखेला डोकावली तेव्हाच स्क्रीन बघून सगळं कळलं होतं म्हणे.
जिवात जीव आला. मग रागच आला. म्हटलं, इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू गप्प बसलीस? आधी सांगायला काय झालं होतं?
म्हणाली, तू सांगतोस का, ते बघत होते.
यावर मी पुष्कळ बोललो. मुद्दे चांगले होते. ती ताटं उचलून आत गेली.

१२ मार्च
बरोबर जायला रजा टाकली होती. तू घरीच थांब म्हणाली. भावाला घेऊन गेली. मी दिवसभर मशीनला हातसुद्धा लावला नाही.
संध्याकाळी दोघं आली. कसं झालं, म्हणून तिला विचारलं.
उत्तर मेहुण्याने दिलं.